ज्युबिली गायकांचा प्रवास

शाळेची इमारत विटांनीं बांधितात हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु एका विद्यालयाची इमारत गाण्यांनीं बांधली गेली, हें थोड्यांसच ठाऊक असेल. तिची हकीकत आज आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवितों.

अमेरिकेंतील गुलामगिरी नुकतीच नष्ट झाली होती. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांस शिक्षण मिळावें म्हणून टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल शहरीं १८६६ सालीं फिस्क विद्यालय उघडलें. वर्ग लष्करी इस्पितळाच्या जुन्या बराकींत भरत. गुलामांच्या कोंडवाड्यांत सांपडलेल्या गंजक्या बेड्या मोडींत विकून पुस्तकें आणिलीं. तरीहि पांच वर्षांत संस्था कर्जांत बुडाली व ती बंद पडण्याची वेळ आली.

तेव्हां खजिनदार व गायनशिक्षक जॉर्ज व्हाइट हे नऊ विद्यार्थी घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजीं जलसे करण्यास निघाले. त्यांतील बहुतेक जण गुलामींत जन्मलेले होते. पियानो वाजविणारी एला शेपर्ड हिला तर तिच्या पित्यानें पैसे मोजून सोडविलें होतें. त्याच आठवड्यांत शिकागो शहर आगीनें जळालें. डोक्यावर कर्ज असतांहि या मुलांनीं एका जलशाचें सर्व उत्पन्न, पन्नास डॉलरांहून कमीच, जळितग्रस्तांस दिलें.

पुढील वाट बिकट होती. कित्येक खाणावळवाले वर्णामुळें त्यांस थारा देत नसत. कोलंबस शहरीं व्हाइट यांनीं मंडळीस 'ज्युबिली गायक' हें नांव दिलें. जुन्या करारांत दर पन्नासावें वर्ष योबेलाचें असे व त्या वर्षीं दासांस मुक्त करीत. त्यावरून हें नांव.

आरंभीं हे विद्यार्थी गोऱ्या श्रोत्यांच्या ओळखीचीं गीतें गात. आपल्या वडिलधाऱ्यांनीं गुलामींत रचिलेलीं गीतें चारचौघांत गाण्यास ते कचरत. त्यांत दुःखाच्या आठवणी होत्या. परंतु नोव्हेंबरांत ओबर्लिन येथें धर्मोपदेशकांच्या सभेंत तीं अगदीं हळुवार स्वरांत गाइलीं गेलीं, आणि सभा थक्क झाली. तेथून त्या गीतांसच अग्रस्थान मिळालें. १८७२ सालीं राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनीं त्यांचें स्वागत केलें. पहिल्या दौऱ्यांत वीस हजार डॉलर जमले. १८७३ सालीं तीं इंग्लंडांत गेलीं व व्हिक्टोरिया राणीपुढें गाइलीं. दुसऱ्या सफरींत हॉलंड व जर्मनी हे देशहि झाले. १ जानेवारी १८७६ रोजीं 'ज्युबिली हॉल' या भव्य इमारतीचें समर्पण झालें. ती आजहि उभी आहे.

ही मंडळी १८७८ सालीं विसर्जित झाली. परंतु त्यांतील फ्रेडरिक लाउडिन यांनीं स्वतंत्र मंडळी घेऊन १८८४ ते १८९० पर्यंत जगाचा प्रवास केला. ऑस्ट्रेलिया व जपान यांप्रमाणें हिंदुस्थानहि त्यांच्या वाटेवर होता, आणि आग्र्याच्या ताजमहालाच्या घुमटाखालीं तीं दास्यांतील गीतें घुमलीं.

विद्यार्थिमित्रहो, जें गाण्याची त्यांस लाज वाटत होती, त्यानेंच त्यांची शाळा तारिली. आपल्या आज्यांनीं जात्यावर दळतांना ओव्या गाइल्या. त्याहि कोणीं लिहून ठेविल्या नव्हत्या, त्याहि कष्टांतूनच उपजल्या. त्यांतील एक तरी आपणांस पाठ येते काय? येत नसल्यास आज घरीं जाऊन विचारावी. विलंब केल्यास सांगणारें कोणी उरणार नाहीं.