आधी उलथनं हातात घे

अगं, नाताळात पहिल्यांदाच मनिलाला सासरी चालली आहेस आणि तिथल्या स्वयंपाकघराची धास्ती घेतली आहेस. मीही त्याच देशात संसार केलाय, म्हणून हक्काने सांगते. पदार्थ येत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तिथे नव्या सुनेची परीक्षा नसते, चुलीपाशी आणखी दोन हात हवे असतात.

बिबिंगका आणि पुतो बुंबोंग घरी करायच्या भरीला पडू नकोस. १६ ते २४ डिसेंबर पहाटेची मिस्सा असते, सिंबांग गाबी. ती सुटली की चर्चबाहेरच दोन्ही गरमागरम मिळतात. बिबिंगका तांदळाच्या पिठाची, केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून भाजलेली. पुतो बुंबोंग जांभळ्या तांदळाचा, बांबूच्या नळीत वाफवलेला. सासूबाईंबरोबर पहाटे ऊठ, जा आणि तिथेच खा.

घरात खरा घाट असतो तो उबे हलायाचा. उबे म्हणजे आपलं कोनफळच. ते उकडून, किसून कंडेन्स्ड मिल्क आणि लोण्यात आटवतात. गोळा घट्ट होत जातो तसा दंड भरून येतो, पण हात थांबला की खाली लागलंच. म्हणून सगळे पाळीपाळीने घोटतात. नणंदा, दीर, पोरंटोरंसुद्धा. तुझी जागा तिथे आहे. कोणी बोलवायची वाट पाहू नकोस, उलथनं घे. घोटता घोटता घरातलं सगळं निघतं: दुबईहून कोण येतंय, कोणाला यंदा रजा मिळाली नाही, कोणाच्या आठवणीने सासूबाई गप्प झाल्या. या गोष्टी तुला एरवी कोणी बसवून सांगणार नाही.

बिको त्या मानाने सोपं. चिकट तांदूळ, नारळाचं दूध, तांबूस साखर. त्यावर घालायचा लातिक मात्र मागून घे. नारळाचं दाट दूध मंद आचेवर आटवत राहायचं. तेल सुटतं आणि तळाशी तुपाच्या बेरीसारखा तपकिरी चुरा उरतो. तेच तेल ताटातल्या केळीच्या पानाला लावतात. पान आधी आचेवरून फिरवून घ्यायचं, नाहीतर चिरतं. हे तुला कोकणातलं ठाऊक आहेच. वेलची मात्र बॅगेतच राहू दे. त्यांच्या बिकोला नारळाचा वास हवा, फार तर पांदानच्या पानाचा.

घरात शिरल्या शिरल्या लोलाचा, म्हणजे आजेसासूबाईंचा, हात कपाळाला लाव. नमस्काराची तिथली रीत तीच. त्या मुठीने साखर घालतात, प्रमाण विचारलंस तर ‘अंदाजाने’ म्हणतील. मूठ कढईत पडायच्या आधी वाटी पुढे कर, मोज आणि त्याच दिवशी लिहून ठेव. पुढच्या नाताळावर टाकू नकोस, त्यांचं वय झालंय.