मेंदूतील गाठ, जनुकीय बदल आणि रुग्णाचे आयुर्मान

प्रश्न (यवत येथील वाचक): मेंदूच्या गाठीच्या अहवालात ‘आयडीएच म्युटेशन आहे’ असे लिहिले आहे. ते वाईट लक्षण समजावे का?

उत्तर: तसे समजू नये. मेंदूतील आधारपेशींशी नाते असलेल्या गाठींना ग्लायोमा म्हणतात, आणि त्यांत आयडीएच जनुकात बदल (म्युटेशन) असलेले रुग्ण बहुधा अधिक काळ जगतात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, अॅनाप्लास्टिक अॅस्ट्रोसायटोमा या वेगाने वाढणाऱ्या गाठीच्या रुग्णांपैकी हा बदल असलेल्यांचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, 65 महिने, तर नसलेल्यांचे 20 महिने आढळले. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात प्रौढांतील ‘ग्लायोब्लास्टोमा’ हे सर्वांत आक्रमक ग्लायोमाचे नाव केवळ हा बदल नसलेल्या गाठींसाठी राखले गेले. मात्र मध्यक हा समूहाचा आकडा असून एका रुग्णाचे भवितव्य त्यावरून ठरवणे अन्यायाचे होईल, कारण वय, गाठ किती काढता आली आणि गाठीतील इतर जनुकीय बदल यांचाही परिणाम मोठा असतो.

हा बदल सहसा गाठीच्या पेशींपुरताच असतो, त्यामुळे तो मुलांकडे जाईल ही धास्ती कुटुंबाने बाळगू नये. निदानाबद्दल शंका असल्यास शस्त्रक्रियेतील ऊतीचा मेणाचा ठोकळा (पॅराफिन ब्लॉक) रुग्णालयातून मागून घेऊन मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थेत फेरतपासणीसाठी देता येतो.