वर्दी नसते तेव्हाचं काम

परवा तू विचारलंस ना, "ताई, रेस्क्यू सॉ पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू करायला दंडात किती जोर लागतो गं?" तेव्हा घाईत होते, आज निवांत सांगते. प्रश्न दंडाचा नाहीच. नीट ठेवलेली सॉ तुझ्या हातूनही सुरू होते, आणि हयगय झालेली सॉ आपल्या अग्निशमन दलातल्या सगळ्यात धिप्पाड जवानालाही दाद देत नाही. दोरी ओढायला शीकच, पण त्याआधी सॉ ठेवायची कशी ते शीक.

सुरुवात पेट्रोलपासून कर. सॉ रुसते ती बहुतेक वेळा शिळ्या पेट्रोलमुळे. या दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल हेच वंगण. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर ५ लिटर पेट्रोलला १०० मिली ऑइल, तेही मापानं. अंदाजानं ओतायचं नाही. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर धूर आणि काळा पडलेला प्लग. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आपल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा? पाणी फार झालं की ते इथेनॉलसह तळाशी बसतं. पेट्रोल नुसतं पडून राहिलं तरी चिकट थर धरतं, कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजतात, आतला पातळ पडदा कडक होतो. म्हणून मिश्रण थोडंच कर, कॅनवर तारीख लिही आणि महिन्याच्या आत संपव. टाकीत ओतण्याआधी कॅन हलव. टाकीचं झाकण उघडून वास घे. ताज्या पेट्रोलचा वास तुला ठाऊक आहे. आंबूस, वार्निशसारखा वास आला तर ते काढून टाक. गटारात मात्र ओतू नकोस, स्टेशनच्या टाकाऊ तेलाच्या डब्यात जाऊ दे. आणि आपली सॉ किती टक्के इथेनॉल सोसते, हे पुस्तिकेत स्वतः वाच.

गाडीवरची सॉ आणि स्टोअरमधली सॉ यांचे नियम वेगळे, ही गल्लत नवीन मुलं हमखास करतात. गाडीवरची सॉ सदा तयार हवी. ताजं पेट्रोल भरलेली, आठवड्याला सुरू करून पाहिलेली. दोन क्षण फटफट करून बंद केलीस तर उपयोग नाही. इंजिन चांगलं तापू दे, रेस दे, नाहीतर प्लगवर काजळी धरते. चेन सॉ असेल तर रेस सोडल्यावर साखळी थांबते का आणि ब्रेक धरतो का, तेही बघ. स्टोअरमध्ये महिना-दोन महिने राहणार असेल ती सॉ मात्र रिकामी हवी. मोकळ्या हवेत टाकी उपस, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. चकती उतरव, सॉ पुसून जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेव.

आता चकत्या. याबाबत मी कडक बोलणार आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. ३५० मिलिमीटरच्या चकतीची कड पूर्ण वेगात सेकंदाला १०० मीटरच्या आसपास धावते. ती फुटली तर तुकडा कुणाकडे जाईल हे कुणाच्या हातात नाही. घासून कापणारी चकती हातात घे आणि मधल्या धातूच्या कड्यावर बघ, तिथे मुदत छापलेली असते. मुदत टळली की चकती बाद, कोरी दिसली तरी बाद. हातातून पडलेली, तडा गेलेली, पाण्यात भिजत राहिलेली चकतीही बाद. ठेवायची ती आडवी, सपाट, कोरड्या जागी आणि पेट्रोलच्या कॅनपासून लांब. पेट्रोलच्या वाफेनं चकतीचे कण धरून ठेवणारं राळेचं बंधन कमजोर होतं. चकतीवर लिहिलेला वेग सॉच्या वेगापेक्षा कमी नको. पाणी मारत कापलं असेल तर काम झाल्यावर पाणी बंद करून चकती काही सेकंद तशीच फिरव, पाणी झटकलं जातं.

झाडपडीच्या दिवसांत एकामागून एक वर्द्या येतात आणि परतल्यावर अंगात त्राण नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी सॉ तशीच गाडीत टाकायची नाही. भुसा आणि तेल यांचा लगदा, काँक्रीटचा गाळ ओला आहे तोवर निघतो, वाळला की दगड होतो. इंजिन गार झाल्यावर फिन्समधली धूळ काढ, फिल्टर बघ. कागदी फिल्टर धुऊ नकोस, पुस्तिकेप्रमाणे बदल. साखळीला कानस मार, ताण बघ, बार ऑइल भर. चकतीच्या सॉचा पट्टा सैल झालाय का बघ, दोरीचे धागे सुटलेत का बघ. मग पेट्रोल भर, सांडलं तर पूस, आणि सुरू करायची ती भरल्या जागेपासून चार पावलं दूर जाऊन.

१४ एप्रिलला आपण १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना मानवंदना देतो. त्या आठवड्यात सगळी अवजारं घासूनपुसून मांडतो, लोक कौतुकानं बघतात. चकाकी चांगलीच गं, पण ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाला सॉ चकाकते की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. ती सुरू होते का, एवढंच त्याला हवं असतं.

अजून एक. कुणी म्हणेल, "मशीनचं आम्ही बघतो, तू राहू दे." प्रेमानं म्हणत असतील, तरी राहू देऊ नकोस. पाळी घेताना सॉ स्वतः उघड, स्वतः सुरू कर, आणि रजिस्टरमध्ये मिश्रणाची तारीख नि चकतीची मुदत तुझ्या अक्षरात लिही. काही खटकलं तर तेही लिही आणि पाळी सोडणाऱ्याला तोंडावर सांग, मग तो कितीही वरिष्ठ असो. उद्या पाळी घेशील तेव्हा आधी चकतीचं कडं बघ आणि काय तारीख दिसली ते मला कळव.