मोहोराआधीची कात्री

कोल्हापुरात मिरजकर तिकटीकडून बेलबागेकडं येताना जुन्या घरांच्या भिंतींवरून अजूनही एखादा आंबा, एखादा पेरू डोकावतो. मंगळवार पेठेतले बरेच वाडे गेले, अपार्टमेंट आली. पण ज्यांच्या घरामागं परसाचा तुकडा उरला, त्यांनी तिथं हौसेनं कलमं लावली. जागा बेताची, शेजाऱ्याची भिंत हाताच्या अंतरावर, वरून विजेची तार. त्यामुळं आमच्याकडं झाड जरा अंगानं भरलं की पहिली चर्चा निघते ती छाटणीची. आणि छाटणी म्हणजे हिवाळ्यात, हे हल्ली सगळ्यांना पाठ झालंय. मोबाइलवरच्या व्हिडिओत जाड जाकीट घातलेला माणूस सफरचंदाच्या निष्पर्ण झाडाच्या फांद्या सपासप उडवतो, ते बघून आपणही डिसेंबरात सिकेटर शोधायला लागतो.

माझ्या परसातल्या हापूसच्या कलमावर असाच हात फिरला. झाड पहिल्यांदा मोहोर धरण्याच्या वयात आलं होतं. मी गावाला गेले होते. परत आले तर बागकामाला येणाऱ्या माणसानं सगळे शेंडे एका रेषेत कापून ठेवले होते. विचारलं तर म्हणाला, "काकी, थंडीत झाड झोपलेलं असतंय. आत्ता कापलं तर त्येला कळत बी न्हाई."

जानेवारीत समोरच्यांचा आंबा मोहोरानं भरला, आमच्यावर तांबूस पालवी आली. कोवळी पालवी म्हणजे तुडतुड्यांना आमंत्रणच. वरचा पाला गेल्यानं खोडाची पश्चिमेकडची बाजू उघडी पडली, फेब्रुवारी-मार्चच्या तिसऱ्या प्रहरच्या उन्हात तिथली साल तडकली आणि तडकलेल्या जागेतून डिंक वाहू लागला. झाड जगलं, पण ते वर्ष गेलंच, पुढच्या वर्षीही मोहोर नावापुरता आला.

त्या माणसाचं म्हणणं सरसकट खोटं नव्हतं, जागा चुकली होती. काश्मीर-हिमाचलात सफरचंद, नासपती, पीच पानं गाळून खरोखर थांबतात. अन्नाचा साठा खोडात आणि मुळांत गेलेला असतो, फांदी कापल्यानं त्यातलं फारसं काही जात नाही. सफरचंदाच्या कित्येक जातींना तर सात अंशांखालचे हजाराच्या आसपास तास मिळाल्याशिवाय नीट फूलच येत नाही. आपल्या कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे पारा 14-15 अंशांवर असतो आणि दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. आंबा अशा थंडीत झोपत नाही. पानं अंगावर ठेवून तो शेंड्याच्या डोळ्यात मोहोराची तयारी करत असतो, आणि मोहोर येतो तोही पक्व झालेल्या काडीच्या टोकालाच. डिसेंबरात टोक कापलं की मोहोरच कापला. आंब्याची कापाकापी फळं उतरल्यावर लगेच, जोराचा पाऊस लागायच्या आत उरकावी, म्हणजे नवी फूट दिवाळीपर्यंत जून होते. हिवाळ्यात फार तर वाळलेली काडी काढावी.

म्हणून माझं सांगणं एवढंच की पंचांग बाजूला ठेवा आणि झाड फळ कुठं धरतं ते आधी बघा. सीताफळ आणि अंजीर ही आपल्याकडची खरी पानगळीची झाडं, हिवाळी छाटणी शोभते ती त्यांना. सीताफळाची पानं पिवळी पडून गळू द्यावीत आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत कात्री लावावी. घाई करू नये, कारण सीताफळाचा नवा डोळा पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. पान गळालं की तो उघडा पडतो आणि कुठं कापायचं ते डोळ्यांना दिसतं. अंजिराच्या छाटणीची वेळ बहारावर ठरते. पुरंदर तालुक्यातले बागायतदार खट्टा आणि मीठा असे दोन बहार धरतात आणि त्यानुसार छाटतात. परसातल्या एकट्या झाडाला एवढा काटेकोरपणा लागत नाही. हातमोजे मात्र हवेतच. अंजिराचा चीक कातडीला लागला आणि वर ऊन पडलं तर फोड येतात.

बोराचं सगळं उलटं. संक्रांतीच्या सुगडात बोरं पडतात, तेव्हा झाड ऐन कामात असतं. ते विसावतं उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये बोर चांगलं खालपर्यंत छाटलं तरी चालतं. पेरू नव्या फुटीवर फूल धरतो, त्यामुळं तो कात्रीला भीत नाही, पण थंडीत त्याच्यावर मृग बहाराची फळं असतात. ती उतरू द्यावीत. चिकूला सहसा हात लावू नये. पण चिकूच्या कलमाच्या बुडाशी नजर हवी, कारण ते बहुधा खिरणीच्या खुंटावर बांधलेलं असतं. जोडाखालून निघालेली, टोकाशी खाच असलेल्या लहान गर्द पानांची फूट जोमदार दिसते म्हणून कौतुकानं वाढवली, तर काही वर्षांनी दारात खिरणी उभी राहते आणि चिकू मागं पडतो. आंब्याच्या कलमालाही हेच लागू. जोडाखालचं काहीही, कोणत्याही महिन्यात, दिसेल तेव्हा अंगठ्यानं मोडून टाकावं. याला मुहूर्त नाही.

लहान झाडाची छाटणी फळासाठी नसतेच, ती वळण देण्यासाठी असते. आंब्याचं कलम कमरेएवढं झालं की शेंडा खुडावा आणि येणाऱ्या फुटव्यांतले तीन-चार राखावेत. ते एकाच बिंदूतून निघालेले नसावेत, थोड्या थोड्या अंतरावर आणि चारी दिशांना गेलेले असावेत. खोडाला अगदी चिकटून सरळ वर जाणारी फांदी पुढं वाऱ्यात फाटते. पहिली तीन वर्षं मोहोर आला तरी काढून टाकावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे पटत नाही, आमच्याकडं यावरून चहा गार होईपर्यंत वाद झालेत. पण पोरवयात फळाचं ओझं घेतलेलं कलम खुरटतं. आणि एका वेळी पाव हिश्शाहून जास्त पाला उतरवू नये. सदाहरित झाडाचा पाला हीच त्याची चूल आहे.

कापायचं कसं, यावर जुनी माणसं सांगायची की खोडाला घासून कापा, ठूठ ठेवू नका. ठूठ ठेवू नये हे बरोबर, घासून कापणं मात्र चूक. फांदी खोडातून निघते तिथं सुरकुतलेली जाडसर कड असते. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवलं, की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत घालतं आणि ती घालण्याचं बळ या कडेत असतं. ती शाबूत ठेवून तिच्या बाहेर कापावं. फांदी मनगटाएवढी असेल तर आधी खालून थोडी चीर द्यावी, मग जरा पुढं वरून करवत चालवावी, नाहीतर फांदी पडताना खोडाची साल ओढत नेते. काडी छाटताना बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घ्यावा.

कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. शेण, गेरू, ऑइलपेंट असले प्रयोग मी शेजारीपाजारी बघितलेत. खर्च थोडा आणि भरवसा जास्त तो बोर्डोचाच. बागायतदार एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी घेतात. घरच्या दोन झाडांना शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी पुष्कळ झालं. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत कालवून मग एकत्र करावेत, लोखंडाचं भांडं घेऊ नये. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालावा. पेस्ट त्याच दिवशी संपवावी. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटरचं पातं स्पिरिटनं पुसावं. छाटणीनंतर खोड उघडं पडलं असेल तर त्याला चुना लावावा, आमच्या आंब्याला तेव्हा हाच हवा होता.

आणि झाड मोठं होऊन तारेपर्यंत किंवा शेजारच्या गच्चीवर पोचलं असेल, तर थोरली फांदी उतरवण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करावा. झाड आपल्या जागेत असलं तरी शहरात त्याला 1975 चा वृक्षसंरक्षणाचा कायदा लागू आहे.