आत्मा परत येतो काय? गिलगुलविषयी थोडा विचार

काही दिवसांपूर्वी आम्ही एका घरी शोकाच्या सात दिवसांत भेटीस गेलो होतो. अवघ्या सहा वर्षांचे मूल गेले होते. तेफिल्ला आटोपली, हश्काबा झाली, आणि मग एक वयस्कर बाई त्या आईजवळ बसून समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, “रडू नकोस बाय. मागल्या जन्मीचं काही देणं असेल, ते फेडून गेलं.” आई काही बोलली नाही. आम्ही निघताना मात्र तिने हळूच विचारले, “म्हणजे माझ्या लेकरानं काय पाप केलं होतं हो?”

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हा अभ्यास.

पुनर्जन्माची कल्पना आपल्याला परकी नाही. कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील गावांत आपले वाडवडील हिंदू शेजाऱ्यांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिले. ‘मागल्या जन्मीचे’ हे शब्द आपल्या बोलीतच रुजले. इकडे इस्राएलात आल्यावर कबालाच्या शिकवणीतून ‘गिलगुल’ हा शब्द कानी पडला, आणि पुष्कळांना वाटले की दोन्ही गोष्टी एकच आहेत. तसे आहे काय?

प्रथम तोरा पाहू. मरणानंतरच्या अवस्थेचे वर्णन तोरात फार थोडे आहे. उत्पत्तीच्या २५ व्या अध्यायात अब्राहाम मरण पावून आपल्या लोकांस मिळाला असे सांगितले आहे. त्याच्या दफनाची हकीकत त्यापुढच्या वचनात येते. शिवाय मखपेलाच्या गुहेत तोवर एकट्या साराचेच दफन झाले होते. त्याचे पूर्वज तेथे नव्हते. तेव्हा ‘लोकांस मिळणे’ म्हणजे निव्वळ थडग्यात जाणे नव्हे, एवढे दिसते. उपदेशकाच्या शेवटच्या अध्यायात शरीर मातीकडे व आत्मा देणाऱ्या देवाकडे जातो असे म्हटले आहे. दानिएलाच्या १२ व्या अध्यायात मृत जागे होतील अशी आशा आहे. परंतु आत्मा दुसऱ्या शरीरात जन्म घेतो असे स्पष्ट वचन तनाखात कोठेही नाही.

आपल्या हखामीमांनी भर दिला तो ‘तेहियात हमेतीम’, म्हणजे मृतांच्या पुनरुत्थानावर. अमिदाचा दुसरा आशीर्वाद याच विषयाचा आहे, आणि तो आपण दिवसातून तीन वेळा म्हणतो. रामबाम (११३८–१२०४) यांच्या तेरा तत्त्वांतील शेवटचे तत्त्वही हेच. त्या तेरांत गिलगुलचा उल्लेख नाही.

उलट, त्यापूर्वीच सादिया गाओन (८८२–९४२) यांनी ‘एमुनोत वेदेओत’ या ग्रंथात पुनर्जन्माचे मत मानणाऱ्या यहुद्यांवर कडक टीका केली. ते लोक म्हणत, देव न्यायी आहे. मग लहान मुलांना दुःख का होते? त्यांच्या आत्म्याने आधीच्या शरीरात पाप केले असले पाहिजे. सादिया यांनी हे नाकारले. मुलाचे दुःख ही शिक्षा नसते, आणि त्या दुःखाची भरपाई देव पुढे करून देतो, असे त्यांचे उत्तर आहे. हजार वर्षांपूर्वी विचारला गेलेला हा प्रश्न त्या आईचाच आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल.

मग गिलगुल आला कोठून? बाराव्या शतकातील ‘बाहीर’ या ग्रंथात आणि तेराव्या शतकात स्पेनमध्ये पुढे आलेल्या ‘झोहार’मध्ये ही शिकवण आढळते. रामबान (११९४–१२७०) यांनी इयोबाच्या दुःखाचा अर्थ लावताना तिच्याकडे सूचक बोट दाखवले. सफेद येथे रब्बी इस्हाक लुरिया (१५३४–१५७२) यांनी तिला सविस्तर रूप दिले, आणि त्यांचे शिष्य हाईम वितल यांच्या ‘शाआर हगिलगुलीम’मध्ये ती ग्रथित झाली. पुढे ती इतकी पसरली की रात्री झोपण्यापूर्वीच्या शेमाबरोबर पुष्कळ सिद्दुरांत एक विनंती छापलेली असते: ज्यांनी आपणास दुखावले त्यांना या गिलगुलातील व दुसऱ्या गिलगुलातील अपराधांची क्षमा करण्याची.

म्हणजे थोर हखामीमांत या प्रश्नावर दोन मते आहेत. गिलगुल न मानणारा यहुदी धर्माबाहेर जात नाही, आणि मानणाराही जात नाही.

पण गिलगुल आणि शेजारधर्मातील पुनर्जन्म यांत फरक आहे. तेथे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हे ध्येय. कबालात ध्येय ‘तिक्कून’, म्हणजे अपुरे राहिलेले मिस्वा पूर्ण करून आत्म्याची दुरुस्ती. हे फेरेही बहुधा मोजकेच मानतात, पुष्कळदा तीन. आणि अखेर शरीराचे पुनरुत्थान आहेच. म्हणून आपण प्रेताचे दहन करीत नाही, मातीत मानाने ठेवतो.

विज्ञान काय सांगते? अमेरिकेतील डॉ. इयान स्टीव्हन्सन (१९१८–२००७) यांनी पूर्वजन्म आठवतो असे सांगणाऱ्या मुलांच्या हकीकती आयुष्यभर गोळा केल्या. त्यांचे १९६६ चे पुस्तक वीस प्रकरणांचे आहे, आणि ती पुनर्जन्म ‘सुचवतात’ एवढेच त्यांनी शीर्षकात म्हटले, सिद्ध करतात असे नव्हे. टीकाकारांचे म्हणणे असे की अशा बहुतेक हकीकती हा विश्वास आधीच असलेल्या समाजांतून येतात. आपल्या देशातील द्रुझ लोकांतही हा विश्वास आहे. हॉलंडमध्ये हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला; त्यांतील ६२ जणांनी, म्हणजे शेकडा १८ जणांनी, त्या वेळचे विलक्षण अनुभव सांगितले. मात्र ते सर्व परत आले होते. जो परतला नाही त्याचे काय, हे हा अभ्यास सांगू शकत नाही.

आता व्यवहाराकडे. गिलगुलची शिकवण दुसऱ्याच्या दुःखाला लावली की ती सुरीसारखी कापते. ऑगस्ट २००० मध्ये इस्राएलच्या एका माजी मुख्य सेफार्दी रब्बींनी, शोआत मारले गेलेले साठ लक्ष लोक पूर्वी पाप केलेल्यांचे गिलगुल होते, असे प्रवचनात म्हटले. देशभर संताप उसळला, वाचलेल्यांची मने दुखावली, आणि ते सर्व पवित्र हुतात्मे होते असा खुलासा त्यांना करावा लागला.

या बाबतीत तलमूदची आज्ञा स्पष्ट आहे. बाबा मेसिया ५८ब येथे सांगितले आहे की ज्याच्यावर दुःख आले, ज्याने आपली मुले पुरली, त्याच्याशी इयोबाचे मित्र बोलले तसे बोलू नये. ते मित्र काय म्हणत होते? तुझ्या हातून काहीतरी घडले असेलच! आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्याच मित्रांवर रागावला. मोएद कातानमध्ये आणखी एक रीत आहे: शोक करणारा बोलेपर्यंत भेटीस आलेल्याने तोंड उघडू नये.

तेव्हा वाचक बंधुभगिनींनो, गिलगुल मानायचा असेल तर स्वतःच्या आरशात मानावा: माझे कोणते काम अपुरे आहे, कोणाची क्षमा मागायची राहिली आहे? दुसऱ्याच्या घरी गेल्यावर तो दाराबाहेर ठेवावा. तेथे मिन्यानसाठी दहावा माणूस व्हावे, जेवणाचा डबा न्यावा, गप्प बसावे.

आणि त्या आईला, त्या दिवशी राहून गेलेले उत्तर: बाई, तुमच्या लेकराने काही पाप केले नव्हते. ज्याने आत्मा दिला त्याच्याकडे तो आहे. यापलीकडचे आम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचे जो सांगतो त्याचे ऐकून तुम्ही रात्र जागू नये.