माकडतापाची तपासणी आता गावाजवळ

काजूची बोंडे पिकू लागली की मुळगावापासून सत्तरी-दोडामार्गापर्यंतच्या बागांत माणसांची वर्दळ सुरू होते. पाचोळ्यात वाकून बोंडे वेचायची, बी पिळून काढायची, हे काम आपणांस नवे नाही. पण याच कोरड्या दिवसांत पाचोळ्यात गोचिडीची पिल्ले असतात. ती इतकी बारीक की अंगावर चढलेली कळतही नाहीत. त्यांच्या चाव्यातून माकडताप होतो.

हा विषाणू 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम सापडला. आपल्याकडे तो 2015 साली सत्तरीतील पाली गावात आणि 2016 साली दोडामार्गात आढळला. पालीच्या रोग्यांचे रक्त तपासण्यासाठी कर्नाटकात मणिपालला पाठवावे लागले होते. तेथून उत्तर येईपर्यंत डॉक्टरांनी अंदाजाने उपचार करायचे. डेंग्यू, लेप्टो आणि माकडताप पहिल्या दोन-तीन दिवसांत सारखेच दिसतात, त्यामुळे हा अंदाज सोपा नव्हे.

ही वाट कमी करणारी छोटी यंत्रे आता निघाली आहेत. त्यांचे तत्त्व आपल्या घरातलेच आहे. मधुमेही माणूस बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवतो. पट्टीवरील विकराची (एंझाइमची) साखरेशी क्रिया होऊन सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो व यंत्र तो मोजून आकडा दाखविते. अशा साधनास जैवसंवेदक म्हणतात. अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी त्याची कल्पना 1962 साली मांडली.

विषाणूचे काम मात्र अधिक अवघड आहे. थेंबभर रक्तात साखर भरपूर असते, विषाणू थोडे असतात. पुण्याच्या मायलॅबने 2021 साली कोविडसाठी अडीचशे रुपयांची घरगुती पट्टी काढली, ती पुष्कळांनी वापरली असेल. त्या पट्टीत विषाणूस चिकटणाऱ्या प्रतिद्रव्यांमुळे रेघ उमटते. विषाणू कमी असले तर रेघ उमटतच नाही आणि आजारी माणूस निर्धास्त फिरतो.

यावर तोड म्हणजे आधी विषाणूच्या जनुकद्रव्याच्या लाखो प्रती करायच्या आणि मग शोध घ्यायचा. आपल्या वेर्णा येथे कारखाना असलेल्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र असेच चालते. ते बॅटरीवर चालते, उचलून नेता येते. एक भाग नमुन्यातून जनुकद्रव्य वेगळे करतो, दुसऱ्यात छोटी चिप बसवितात. सुमारे तासाभरात उत्तर मिळते. क्षयरोगासाठी ते प्रसिद्ध झाले, 2020 साली कोविडसाठी वापरले गेले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्यावर माकडतापाची तपासणीही पारखून पाहिली आहे. गोव्यात बनणारे यंत्र काजूच्या बागेतल्या तापासाठी उपयोगी पडावे, याचे आम्हांस विशेष वाटते.

पण यंत्र कितीही चांगले असले तरी रक्त वेळेवर मिळाले पाहिजे. विषाणू रक्तात मुख्यतः तापाच्या पहिल्या आठवड्यात सापडतो. पुढे तो ओसरतो, आणि मग प्रतिद्रव्यांची वेगळी तपासणी करावी लागते. काजूच्या दिवसांत मजुरी बुडेल म्हणून आपण ताप अंगावर काढतो आणि दहाव्या दिवशी दवाखान्यात जातो. तेव्हा चिपने 'नाही' म्हटले तरी रोग नव्हता असे होत नाही. शिवाय काही रोग्यांना ताप उतरल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो व मेंदूवर परिणाम होतो.

या विषाणूला मारणारे खास औषध नाही, आणि जुनी लस 2022 साली बंद झाली. तरीही निदान लवकर झाले तर रक्तस्रावावर व अंगातील पाण्यावर लक्ष ठेवता येते. ॲस्पिरीनसारख्या वेदनाशामक गोळ्या अशा तापात मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

म्हणून बागेत जाऊन आल्यावर एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली तर दुसऱ्या दिवशीच आरोग्य केंद्र गाठावे. 'मी काजू वेचायला जातो' हे डॉक्टरांना न विचारताच सांगावे. त्यावरूनच कोणती तपासणी करायची ते ठरते. बागेत मेलेले माकड दिसल्यास हात न लावता त्याच केंद्रात कळवावे.