आकाशांतील राज्यें आणि सामान्य खेळाडू

“आम्ही खनिज खणतों, बाजारांत विकतों आणि झोंपीं जातों, राज्य कोणाचें आणि लढाई कोणाची, याच्याशीं आम्हांस काय कर्तव्य?” असें म्हणणारा खेळाडू संगणकावरील कोणत्याही मोठ्या डावपेंचाच्या खेळांत हटकून भेटतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या तोंडूनही हें वाक्य आम्हीं ऐकलें आहे. वरवर पाहतां तें शहाणपणाचें दिसतें. खेळ हा विरंगुळ्यासाठीं. त्यांत सभा, निवडणुका, तह आणि कपट यांची कटकट कशाला? परंतु हें म्हणणें कितपत टिकतें, हें एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून तपासून पाहावें असें आम्हीं योजिलें आहे. त्यासाठीं ‘ईव्ह ऑनलाइन’ नांवाचा खेळ आम्ही घेतों. (पालकांनीं गैरसमज करून घेऊं नये. मुलांनीं हा खेळ खेळावा अशी आमची शिफारस नाहीं. त्यांत वेळ फार खर्च होतो.)

हा खेळ आइसलंडची राजधानी रेकयाविक येथील सीसीपी नांवाच्या कंपनीनें २००३ सालच्या मे महिन्यांत सुरू केला. इतर खेळांत खेळाडूंच्या लहान लहान टोळ्या निरनिराळ्या विश्वांत वांटलेल्या असतात. येथें मात्र, चीनमधील निराळें विश्व सोडल्यास, सर्व खेळाडू एकाच आकाशांत वावरतात. त्या आकाशांत सात हजारांहून अधिक तारामंडळें आहेत. कांहीं मंडळांत खेळांतील पोलिसांचा पहारा असतो. दूरच्या प्रदेशांत मात्र कायदा म्हणून नाहीं, आणि तेथें खेळाडूंनीं स्वतःच कंपन्या स्थापून, कंपन्यांचे संघ बनवून राज्यें उभारलीं आहेत. जहाजें, दारूगोळा, इंधन हें बहुतेक सर्व खेळाडूच तयार करतात आणि खेळाडूच विकत घेतात. हा बाजार इतका वाढला कीं २००७ सालीं कंपनीला त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठीं एक अर्थशास्त्रज्ञ नेमावा लागला.

आतां आमच्या त्या निरुपद्रवी खाणकामगाराकडे वळूं. तो पोलिसांच्या पहाऱ्यांत राहतो, म्हणून आपण सुरक्षित आहों असें त्याला वाटतें. परंतु या पोलिसांची रीत अशी कीं, ते हल्ला थांबवीत नाहींत. हल्ला झाल्यावर हल्लेखोराचें जहाज नष्ट करतात. आपलें स्वस्त जहाज गमावण्यास जो तयार आहे, त्याला दुसऱ्याचें महाग जहाज बुडवितां येतें. २०११ सालीं गूनस्वॉर्म नांवाच्या मोठ्या संघानें नेमकें हेंच केलें. पहाऱ्याच्या एका प्रदेशांत बर्फ खणणाऱ्यांवर त्यांनीं पद्धतशीर हल्ले चढविले. त्या बर्फापासून मोठ्या जहाजांचें आणि तळांचें इंधन होतें. तें बाजारांत दुर्मिळ झालें आणि त्याचे भाव चढले. ज्यांचीं जहाजें बुडालीं, त्यांचें त्या संघाशीं कसलेंही वैर नव्हतें. बहुतेकांस हल्ल्याचें कारणही ठाऊक नसावें.

पुढच्याच वर्षीं दुसरा प्रकार घडला. टेक्नेशियम नांवाचें एक द्रव्य दूरच्या कांहीं थोड्या चंद्रांवर मिळे, आणि सुधारलेल्या जातीच्या जहाजांना तें लागे. ज्या संघांच्या हातीं हे चंद्र होते, त्यांनीं २०१२ सालीं आपसांत करार करून एक मक्ता उभा केला. खनिज तेलाच्या राष्ट्रांच्या ‘ओपेक’ संस्थेवरून त्याला ‘ओटेक’ असें नांवही दिलें. राजकारणाचा तिटकारा असलेला खेळाडू बाजारांत जहाज घेण्यास गेला कीं त्या कराराचा भार त्याच्या थैलीवर पडे. तह कोणत्या खोलींत झाला हें त्याला माहीत नसे. किंमत मात्र त्यालाच मोजावी लागे.

यावर कोणी म्हणेल कीं, मग बलाढ्य संघांत शिरावें, सरदारांच्या छत्राखालीं राहावें आणि स्वस्थ असावें. तर त्या छत्राची गोष्ट ऐका. ‘बँड ऑफ ब्रदर्स’ हा एके काळीं या आकाशांतील अतिशय प्रबळ संघ होता. २००९ सालच्या फेब्रुवारींत त्याच्या संचालकांपैकीं एकजण शत्रूस, म्हणजे गूनस्वॉर्मला, मिळाला. संघ मोडण्याचा अधिकार त्याच्या हातीं होता. तो त्यानें वापरला. एकही तोफ न डागतां वर्षानुवर्षांचा संघ नाहींसा झाला आणि त्याच्या प्रदेशाचें संरक्षण कोसळलें. शत्रूनें तें नांवही आपल्याकडे नोंदवून टाकलें, त्यामुळें जुन्या नांवानें पुन्हां उभें राहण्याचीही सोय उरली नाहीं. हजारों सभासदांनीं संध्याकाळीं येऊन पाहिलें तों आपण कोठलेच नाहीं! विजयी गूनस्वॉर्मनें यावरून धडा घेतला असेल असें वाटेल. पण २०१० सालीं त्यांच्याही प्रदेशावरील हक्काची पट्टी भरावयाची राहिली, हक्क गेला, आणि खुद्द प्रमुखानेंच संघाची वाताहत केली.

पट्टीचा हा विषय क्षुल्लक नव्हे. २०१४ सालच्या जानेवारींत बी-आर-फाइव्ह-आर-बी या तारामंडळाची पट्टी अशीच भरली गेली नाहीं. मालकी उघडी पडतांच प्रतिपक्ष धांवून आला. सुमारें एकवीस तास चाललेल्या त्या लढाईंत साडेसात हजारांवर खेळाडू गुंतले आणि ‘टायटन’ नांवाचीं, बांधण्यास महिनोन्‌महिने लागणारीं ७५ प्रचंड जहाजें नष्ट झालीं. आमच्या मतें या तिन्ही प्रसंगांत सामान्य सभासदांस विचारण्याजोगा एकच प्रश्न होता: किल्ल्या कोणाच्या हातीं आहेत, आणि त्या हातावर दुसरा हात कोणाचा आहे? दर महिन्यास आपल्या मिळकतींतून कर कापून घेणाऱ्या संघास हें विचारणें उद्धटपणा नव्हे. आणि अशी लबाडी या खेळाच्या नियमांत बसते, म्हणजे कंपनीकडे दाद मागून उपयोग नाहीं; तेव्हां हा प्रश्न आधींच विचारलेला बरा.

येथवर खेळाच्या आंतील राजकारण झालें. परंतु खेळाडूंच्या वर आणखी एक सत्ता आहे, आणि ती म्हणजे नियम करणारी कंपनी. २००७ सालीं असें उघडकीस आलें कीं कंपनीच्याच एका नोकरानें आपल्या खेळांतील मित्रांच्या संघास मौल्यवान आराखडे गैरमार्गानें दिले होते. खेळाडूंचा विश्वास उडाला. त्यानंतर २००८ सालीं खेळाडूंनीं निवडून दिलेली नऊ जणांची सल्लागार सभा स्थापन झाली. तिला ‘कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट’ म्हणतात. तिला कायदे करण्याचा अधिकार नाहीं. ती कंपनीस सांगते, विचारते, आणि प्रसंगीं खडसावते.

अशा बिनअधिकाराच्या सभेचा उपयोग काय, अशी शंका आमच्याही मनांत आली होती. २०११ सालच्या जून महिन्यांतील हकीकत वाचून ती बरीच दूर झाली. त्या वेळीं कंपनीनें शोभेच्या वस्तूंचें एक दुकान काढलें आणि एका डोळ्यावर लावावयाच्या नुसत्या चित्रांतल्या चष्म्याची किंमत साठ डॉलरांहून अधिक ठेवली. तेवढ्यावर निभावलें असतें. परंतु आज शोभा विकली जाते, उद्यां सामर्थ्यही पैशानें विकलें जाईल, अशी धास्ती पसरली. हजारों खेळाडू जिता नांवाच्या मुख्य बाजारपेठेंत जमले आणि तेथील स्मारकावर तोफा डागूं लागले. त्यांत लहानमोठा असा भेद नव्हता. कंपनीनें तांतडीनें सभेस रेकयाविकला बोलाविलें आणि खेळांतील बळ देणाऱ्या वस्तू विकण्याचा आपला बेत नाहीं, असें उभयतांच्या नांवें निवेदन निघालें. ऑक्टोबरांत कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यानें जाहीर क्षमा मागितली. तोफांनीं आवाज केला हें खरें, पण बोलणीं करण्यास निवडलेलीं माणसें आधींच जाग्यावर होतीं, म्हणून त्या आवाजाचे शब्द झाले.

असें असूनही पहिल्या निवडणुकींत शेंकडा सुमारें अकराच खेळाडूंनीं मत दिलें, आणि पुढेंही बहुसंख्य लोक दूरच राहिले. मोठे संघ मात्र आपल्या सभासदांस यादी देतात आणि त्या यादीप्रमाणें मतें पडतात. शास्ते यांच्या पुस्तकांतील योथामानें सांगितलेली झाडांची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. जैतून आपल्या तेलांत गुंतलेला, अंजीर आपल्या गोडींत, द्राक्षवेल आपल्या रसांत. राज्य करण्यास कोणीच तयार होईना, तेव्हां झाडांनीं काटेरी झुडुपास विचारलें, आणि तें लगेच तयार झालें. आपला खाणकामगारही आपल्या खनिजांत असाच गुंतलेला आहे. २०१३ सालीं मत देण्याची पद्धत बदलून पसंतीक्रम लिहिण्याची सोय झाली. आपला पहिला उमेदवार पडला तरी मत वायां न जातां पुढच्याकडे जातें. त्यामुळें विखुरलेल्या लहान खेळाडूंसही आपला माणूस निवडून आणण्याची वाट मोकळी झाली. पण त्या वाटेनें चालावयास तर हवें.

यासाठीं कोणी सेनापति व्हावें असें नाहीं. आपल्या संघाची सूचना वाचावी, करांचा हिशोब मागावा, हिशोब मिळत नसेल तर दुसरा संघ पाहावा, आणि वर्षांतून एकदां दहा मिनिटें काढून मत द्यावें. खनिज खणण्यास यानंतरही पुष्कळ वेळ उरतो. “आमच्या एका मतानें काय होणार?” असें म्हणणाऱ्यास आम्ही एवढेंच विचारूं, कीं जितामध्यें त्या दिवशीं स्मारकावर डागलेली एकेक तोफ तरी कितीशी मोठी होती?

रेकयाविकच्या बंदरावर २०१४ सालीं कंपनीनें खेळाडूंसाठीं एक खरेंखुरें स्मारक उभारलें. त्यावर त्या वेळच्या खेळाडूंचीं खेळांतील नांवें बारीक अक्षरांत कोरलेलीं आहेत. संघांचे सरदार आणि बर्फ खणणारे तेथें एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत, आणि नांव शोधावयाचें तर अगदीं जवळ जाऊन वांकावें लागतें.